अ‍ॅडमिट असताना होणारा न्यूमोनिया आणि त्याची वॉर्डातली साथ: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोलचं काम करणारी नर्स आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, कुठल्याही मराठी घरातलं कुणी अ‍ॅडमिट झालं की ओळखीतून फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. हे सगळं मोठ्या माणसांबद्दल आहे, लहान मुलांचं गणित वेगळं असतं. आणि तुमच्या पेशंटचं औषध काय, डोस किती हे तुमचे डॉक्टरच सांगणार, ते मी इथे सांगणार नाही.

बाबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी गेले होते, छाती एकदम साफ होती. मग चौथ्या दिवशी न्यूमोनिया कुठून आला?

बहुतेक वेळा स्वतःच्याच तोंडातून आणि घशातून. हे ऐकून लोकांना धक्का बसतो पण खरं तेच आहे. आपल्या सगळ्यांच्या तोंडात जंतू असतात, झोपेत थोडी लाळ श्वासनळीत उतरतेच, आणि तब्येत चांगली असली की खोकला येतो, फुफ्फुस ते साफ करून टाकतं. पण माणूस आजारी पडून हॉस्पिटलात आडवा झाला, अँटिबायोटिक सुरू झाली, दात घासणं बंद पडलं की थोड्याच दिवसांत तोंडातले नेहमीचे जंतू जाऊन त्यांच्या जागी हॉस्पिटलातले दांडगे जंतू बसतात. त्यात खुब्याच्या पेशंटला हलता येत नाही, दुखण्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, दुखण्याच्या औषधाने गुंगी असते, खोकायची ताकद नसते, म्हणजे लाळ खाली उतरते आणि वर येत नाही.

अ‍ॅडमिट झाल्यावर 48 तास उलटून गेल्यावर जो न्यूमोनिया सुरू होतो त्याला हॉस्पिटलातला न्यूमोनिया धरतात. त्याच्या आत दिसला तर तो बहुधा घरूनच आलेला असतो. हा फरक फक्त हिशोबासाठी नाहीये, दोन्हींचे जंतू वेगळे असतात त्यामुळे औषधंही वेगळी लागतात.

आमच्या वॉर्डात एकाच आठवड्यात चार जणांना न्यूमोनिया झाला. ही साथ आहे का?

असू शकते, नसूही शकते. एखाद्या वॉर्डात नेहमी जितक्या केसेस होतात त्याहून जास्त, थोड्याच दिवसांत, एकाच जागी झाल्या तर तिला साथ समजून चौकशी सुरू करायची असते. चार हा आकडा मोठ्या आयसीयूत कदाचित नेहमीचा असेल पण बारा बेडच्या ऑर्थोच्या वॉर्डात चार म्हणजे कान टवकारायलाच हवेत. मग पहिला प्रश्न, चौघांच्या कल्चरमध्ये (कफ किंवा रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) जंतू एकच आहे का, आणि तो कुठल्या अँटिबायोटिकला दाद देतो न देतो तो नमुनाही सारखाच आहे का. सारखा निघाला तर जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातोय किंवा सगळ्यांना एकाच ठिकाणाहून मिळतोय. चार वेगवेगळे जंतू निघाले तर कुठल्या एका जागेचा दोष नसतो, मग एकूण काळजीच कमी पडतेय का, तोंडाची सफाई होतेय का, पेशंट सपाट झोपलेत का, ते बघायचं. थंडीच्या दिवसांत आधी फ्लू पसरतो आणि त्याच्या मागून बॅक्टेरियाचा न्यूमोनिया येतो, तेही तपासावं लागतं.

रिपोर्टवर क्लेबसिएला लिहिलंय. हे काय असतं?

बॅक्टेरियाचं नाव आहे. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत अशा न्यूमोनियात सगळ्यात जास्त दिसणारी नावं म्हणजे क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि स्युडोमोनास, कधी ई-कोलाय, कधी एमआरएसए म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू. अ‍ॅसिनेटोबॅक्टर कोरड्या जागेवरसुद्धा कित्येक दिवस, कधी आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, बेडची कडा, मॉनिटरची बटणं, पडदा, कुठेही. स्युडोमोनासला ओल लागते, त्यामुळे तो सिंकमध्ये, नळाच्या तोंडाशी, ओल्या ट्यूबमध्ये सापडतो. साथ शोधताना ही नावंच रस्ता दाखवतात.

हे जंतू हवेतून उडत एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जातात का?

ज्यांची नावं वर घेतली ते मुख्यतः हाताने जातात. आमच्या हाताने, तुमच्या हाताने. एका पेशंटचं सक्शन केलं म्हणजे नळीने कफ ओढून काढला, ग्लोव्ह न बदलता शेजारच्याची ट्यूब नीट केली, झालं काम. ग्लोव्ह घातलेत म्हणजे हात स्वच्छ आहेत हा समज फार पसरलाय, कोविडनंतर तर जास्तच, पण तोच ग्लोव्ह घालून चार बेड फिरलात तर उघड्या हाताइतकाच धोका.

दुसरा रस्ता पाण्याचा आणि ओल्या सामानाचा, आणि माझं सगळ्यात जास्त लक्ष तिकडे असतं. ऑक्सिजनच्या मीटरखाली ती बुडबुडे येणारी पाण्याची बाटली असते ना, ती कधी हातात घेऊन उजेडात धरून बघा. पाण्याच्या रेषेवर आतून पांढुरका पट्टा धरलेला असेल, बोट फिरवलं तर बुळबुळीत लागेल, तर ती बाटली कित्येक दिवस धुतलेली नाही, पाणी कमी झालं की वरून भरत गेलेत. त्याच पाण्यातून ऑक्सिजन पेशंटच्या नाकात जातोय. त्या बाटलीत नळाचं पाणी नको, वॉटर कूलरचंही नको, आरओचंही नको, स्टराइल म्हणजे निर्जंतुक पाणीच हवं, आणि उरलेल्यात भर न घालता ते ओतून टाकून बाटली साफ आणि कोरडी करून नवीन भरायची, रोज. खरं तर नाकातल्या नळीने चार लिटरपर्यंत ऑक्सिजन चालू असेल तर बहुतेक पेशंटना त्या पाण्याची गरजच नसते, बाटली कोरडी ठेवली तरी चालतं का हे डॉक्टरांना विचारता येतं.

नेब्युलायझरचं तेच. एकाच मास्कवर दोन पेशंट कधीच नकोत, औषधाची मोठी बाटली सगळ्या वॉर्डात फिरवणंही नको. बाटलीबंद औषधातूनही साथ येते बरं का, 2016 मध्ये अमेरिकेत बुरखोल्डेरिया नावाच्या जंतूची साथ अनेक राज्यांतल्या हॉस्पिटलांत पसरली आणि शोधल्यावर ती पोट साफ व्हायच्या एका पातळ औषधात निघाली. छातीतल्या इन्फेक्शनचं मूळ पोटाच्या औषधात असेल असं कुणाच्या मनात येईल? म्हणून साथीच्या चौकशीत आम्ही पेशंटला दिलेली एकूण एक गोष्ट लिहून काढतो.

आणि ते लिजिओनेला? ते पाण्यातून होतं म्हणे.

हो, लिजिओनेला हाही न्यूमोनिया करणारा एक बॅक्टेरियाच, पण तो हाताने पसरत नाही, माणसाकडून माणसाला साधारणपणे होतच नाही. पाण्याचे बारीक तुषार श्वासात गेले की होतो. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन होतं, घरी गेल्यावर लोक न्यूमोनियाने आजारी पडायला लागले, 29 माजी सैनिक दगावले आणि जंतू कुठला हे कळायला जानेवारी 1977 उजाडला. नंतर 1985 मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डच्या हॉस्पिटलात एसीच्या कूलिंग टॉवरमधून अशीच साथ आली, त्यात 28 जण दगावले.

हा जंतू 25 ते 45 डिग्रीच्या कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. आता आपलं इंदूर बघा, नर्मदेचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड, म्हणून प्रत्येक इमारतीवर मोठमोठ्या टाक्या, आणि मे महिन्यात त्या टाकीतलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं. हॉस्पिटलने टाक्या वेळेवर साफ करणं, गरम पाणी 60 डिग्रीवर साठवणं, बंद पडलेल्या खोल्यांचे नळ आणि शॉवर अधूनमधून वाहते ठेवणं हे याचं उत्तर आहे. हॉस्पिटलातच लागण झालेली लिजिओनेलाची एक केस जरी निघाली तरी पाण्याची तपासणी करावी असा नियम आहे, दुसरी केस व्हायची वाट बघायची नसते. लघवीची एक टेस्ट असते त्याची, पण ती त्याचा एक मुख्य प्रकारच पकडते, त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणजे शंका मिटली असं नाही. आणि नेहमीची न्यूमोनियाची बरीच अँटिबायोटिक्स त्याच्यावर चालत नाहीत.

व्हेंटिलेटर लावला की न्यूमोनिया होतोच का? मग लावूच देऊ नये का?

होतोच असं नाही, पण धोका वाढतो हे खरं. घशातून ट्यूब गेली की खोकल्याचा बंदोबस्तच निकामी होतो. पण डॉक्टर व्हेंटिलेटर सांगतायत तेव्हा तो नसला तर माणूस त्याआधीच जाईल अशी वेळ असते, त्यामुळे या भीतीने नाही म्हणू नका. त्याऐवजी रोज एक प्रश्न विचारा, "आज गुंगीचं औषध कमी करून बघणार का, ट्यूब कधी निघेल?" ट्यूब जितकी लवकर निघेल तितका धोका कमी. आणि व्हेंटिलेटर नसलेल्या साध्या वॉर्डातही हा न्यूमोनिया खूप होतो, तिकडे लक्ष कमी असतं म्हणून तो मोजला जात नाही इतकंच.

आम्ही घरचे काय करू शकतो? आम्हाला तर नुसतं बाकावर बसवून ठेवतात.

खूप काही करू शकता, आणि माझं सगळ्यात मोठं सांगणं हेच आहे. साध्या वॉर्डातल्या पेशंटचं तोंड साफ ठेवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं काम आहे आणि आपल्याकडे नर्सच्या वाट्याला इतके पेशंट असतात की ते मागे पडतं. मऊ ब्रश आणि टूथपेस्ट घेऊन जा. पेशंटला उठवून बसवा, दिवसातून दोनदा तरी दात, हिरड्या, जीभ हळूहळू घासा, थुंकता येत नसेल तर पाणी अगदी थोडं वापरा आणि सिस्टरला सक्शन घेऊन जवळ उभं राहायला सांगा. ओठ सुकले असतील तर ओले करा. कवळी असेल तर रात्री काढायची, ब्रशने घासायची, झाकणाच्या डबीत स्वच्छ पाण्यात ठेवायची, उशीखाली कागदात गुंडाळून ठेवायची नाही (हे मी रोज बघते). पेशंट बेशुद्ध असेल किंवा व्हेंटिलेटरवर असेल तर मात्र स्वतः काही करायला जाऊ नका, ते नर्सचं काम, तुम्ही फक्त विचारा की आज तोंड साफ झालं का.

बरेच जण क्लोरहेक्सिडिनच्या गुलाबी माउथवॉशची बाटली घेऊन येतात. पूर्वी आम्हीही व्हेंटिलेटरच्या पेशंटला तेच वापरायचो, पण 2022 च्या अमेरिकन मार्गदर्शनात त्या पेशंटना ते नको, ब्रशच करा असं सांगितलंय. साधा ब्रशच जास्त कामाचा निघाला.

जेवण भरवताना काय सांभाळायचं?

इथे आपली माया आडवी येते. घरून डबा आलाय, आईने दोन दिवस काही खाल्लं नाही, म्हणून सूनबाई झोपलेल्या सासूबाईंना चमच्याने भरवायला लागतात. डोळे अर्धे मिटलेल्या माणसाला घास द्यायचा नाही म्हणजे नाही, पाणीसुद्धा नाही. तो घास फुफ्फुसात जातो.

पूर्ण जागं असताना, पाठ सरळ टेकवून बसवून, छोटे घास, एक गिळला हे बघून मग दुसरा. जेवण झाल्यावर अर्धा तास तरी बसवूनच ठेवा. लकव्याचा पेशंट असेल तर गिळता येतंय का याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काहीच नाही, चहाचा घोटही नाही. पाणी पिताना ठसका लागतोय, जेवल्यावर आवाज घोगरा ओला येतोय, गालात घास तसाच राहतोय, हे दिसलं की लगेच थांबा आणि सांगा. आणि सकाळी कोपऱ्यावरून पोहे आणून देऊ नका हो, इंदूरच्या माणसाला पोह्यांशिवाय सकाळ होत नाही हे मला ठाऊक आहे पण कोरडे पोहे आणि वरची शेव घशात विखुरते, अशक्त माणसाला ते सांभाळता येत नाही. मऊ दलिया, घट्टसर खिमटी, दाटसर वरण बरं.

पलंगाचं डोकं किती वर हवं?

30 ते 45 डिग्री, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, म्हणजे मणक्याची दुखापत, बीपी खूप कमी वगैरे. नाकातल्या नळीने फीड म्हणजे पातळ अन्न चालू असताना तर नक्कीच. पेशंट घसरत खाली आला की डोकं वर असूनही छाती दुमडलेली राहते, तेव्हा दोघांनी मिळून वर सरकवा.

भेटायला जाताना कुठली काळजी?

सर्दी खोकला असेल तर जाऊ नका, फोनवर बोला. दोनच जण जा. पेशंटच्या पलंगावर बसू नका, शेजारच्या पेशंटला हात लावून मग आपल्या पेशंटला लावू नका (वॉर्डात ओळखी होतात आणि आपण मदतीला धावतो, चांगलंच आहे ते, फक्त मध्ये हात साफ करा). बाहेर चपला काढायला लावतात आणि लोकांना वाटतं झाली सफाई, पण न्यूमोनिया पायातून जात नाही. सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळायचं, साबण पाण्याने धुवायचं तर 40 ते 60 सेकंद, अंगठा आणि बोटांची टोकं विसरायची नाहीत. आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा. मोबाईलही पुसा, तो सारखा हातात असतो.

डॉक्टरांना किंवा सिस्टरला "हात धुतलेत का" असं कसं विचारायचं? राग येईल त्यांना.

पलंगाजवळ सॅनिटायझरची बाटली ठेवा आणि पुढे करून म्हणा, "सर, हे घ्या ना." बहुतेक जण घेतात. कुणाला राग आलाच तर येऊ दे, तुमच्या माणसाचं फुफ्फुस त्याहून मोठं आहे. मी स्वतः नर्स आहे आणि मला कुणी असं म्हटलं तर मला बरंच वाटतं.

न्यूमोनिया झालाय हे आम्हाला कसं कळेल? ताप येईल ना?

म्हाताऱ्या माणसांना ताप येईलच असं नाही. त्यांच्यात पहिली खूण बऱ्याचदा वेगळीच असते, काल गप्पा मारत होते आज बरळतायत, जेवायला नको म्हणतात, सारखे झोपतात, श्वास भरभर चाललाय. श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, छाती किती वेळा वर येते. 24-25 च्या वर जात असेल तर सिस्टरला सांगा, 30 असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरला बोलवा. पिवळा हिरवा कफ, ऑक्सिजन आधीपेक्षा जास्त लागणं, याही खुणा. तुम्ही त्या माणसाला वर्षानुवर्षं ओळखता, "हे नेहमीसारखे नाहीत" असं वाटलं तर तेवढंसुद्धा सांगा, आम्हाला ते कामाचं असतं.

कल्चरचा रिपोर्ट यायला इतका वेळ का?

जंतू वाढायला आणि मग त्यावर औषधं तपासायला दोन-तीन दिवस लागतातच. तोवर डॉक्टर अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करतात आणि ते बरोबर आहे, थांबता येत नाही. फक्त कफाचा आणि रक्ताचा नमुना शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी गेला पाहिजे, हे जरूर विचारा. आणि कफात जंतू निघाला म्हणजे न्यूमोनिया झालाच असं नाही, कधी जंतू तिथे नुसता बसलेला असतो. एक्स-रे, श्वास, ताप, कफ सगळं मिळून ठरवतात.

आम्ही म्हटलं सगळ्यात भारीवालं इंजेक्शन द्या, पैशाचं बघू. डॉक्टर उलट औषध कमी करतायत.

ते चांगले डॉक्टर आहेत. कल्चर आल्यावर नेमकं औषध ठेवून बाकीची बंद करणं हेच बरोबर आहे. मेरोपेनेमसारखी औषधं आपण इतकी वापरली की आता क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर त्यांना बऱ्याचदा जुमानत नाहीत, मग कोलिस्टिन काढावं लागतं आणि त्याने किडनीला त्रास होऊ शकतो. कोर्सही बहुतेकांना 7 दिवसांचा पुरतो, जास्त दिवस म्हणजे जास्त बरं असं नसतं. आपल्या मध्य प्रदेशाने 2019 मध्येच अँटिबायोटिक जपून वापरायचा राज्याचा आराखडा काढलाय, केरळनंतर आपलंच राज्य होतं. कागदावर आहे ते वॉर्डात यायला घरच्यांनीही भारीवाल्या औषधाचा आग्रह सोडायला हवा.

न्यूमोनियाची लस घेतली होती, तरी कसा झाला?

ती लस न्यूमोकॉकस या एका जंतूवर आहे, क्लेबसिएला वगैरेवर नाही. तरी घ्या, 65 च्या वरच्यांनी आणि शुगर, दमा, किडनी, हृदयाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, आणि फ्लूची दरवर्षी.

सोबत राहणाऱ्या आम्हाला होईल का?

धडधाकट असाल तर या जंतूंचा न्यूमोनिया सहसा होत नाही. टीबी किंवा फ्लूचा संशय असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मास्क लावा.

साथ आलीच तर हॉस्पिटलने काय करायला हवं आणि आम्ही काय विचारायचं?

केसेसची यादी, कोण कुठल्या बेडवर होतं, कुणाला काय लावलं होतं, त्यातून समान धागा शोधणं. त्या पेशंटना एका बाजूला घेऊन त्यांच्यासाठी शक्यतो वेगळी नर्स. सिंक, पाणी, नेब्युलायझर, सक्शनचे नमुने. हाताच्या सफाईवर पहारा. गरज पडली तर नवीन अ‍ॅडमिशन थांबवणं, आणि घरच्यांना खरं सांगणं. केंद्र सरकारची इन्फेक्शन कंट्रोलची राष्ट्रीय मार्गदर्शिका जानेवारी 2020 पासून आहे, त्यात हे सगळं येतं, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

तुम्ही शांतपणे इतकं विचारा: या वॉर्डात आणखी कुणाला हाच जंतू निघालाय का? इन्फेक्शन कंट्रोल कमिटीला कळवलंय का? आमच्या पेशंटचं कल्चर काय आलं? रिपोर्टची कॉपी मागा, लेखी मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. उत्तरंच मिळत नसतील तर सीएमएचओ म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांचं ऑफिस आहे, 181 ची सीएम हेल्पलाइन आहे. भांडण करून वॉर्डात तोडफोड करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं, त्याने शेजारच्या बेडचा पेशंट मरतो.

साथ आहे कळल्यावर पेशंटला दुसरीकडे हलवू का?

घाईने नको. ऑक्सिजनवरच्या पेशंटला अँब्युलन्समधून हलवणं हाच मोठा धोका, आणि जंतू पेशंटबरोबर नव्या हॉस्पिटलात जातो, तिथे नवी साथ. हलवायचंच असेल तर कल्चरचा रिपोर्ट सोबत द्या आणि तिकडच्या डॉक्टरांना आधी फोनवर सांगा. पेशंट चालताफिरता असेल आणि घरी जाण्याजोगा असेल तर मात्र डिस्चार्ज लवकर मागा.

घरी आल्यावर?

थकवा कित्येक आठवडे राहतो, घाबरू नका. एक्स-रे साफ व्हायला साधारण सहा आठवडे लागू शकतात, म्हणून आठव्या दिवशी परत काढून "डाग तसाच आहे" म्हणून रडू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच काढा. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर (खोल श्वास ओढायच्या व्यायामाचं साधन) दिलं असेल तर जागेपणी तासातासाला थोडं थोडं ओढायला लावा, बसवा, चालवा, तोंडाची सफाई चालूच ठेवा. घरी नेब्युलायझर असेल तर दरवेळी कप आणि मास्क धुऊन, स्वच्छ पाण्याने काढून, उघड्यावर पूर्ण वाळवून मगच डब्यात. कॉन्सन्ट्रेटरच्या म्हणजे घरच्या ऑक्सिजन मशीनच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज नवीन. आणि पुन्हा ताप, भरभर श्वास, ओठ निळसर, गोंधळल्यासारखं बोलणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच घेऊन जा, आणि जुन्या कल्चरचा कागद पिशवीत सगळ्यात वर ठेवा म्हणजे इमर्जन्सीच्या डॉक्टरांना पहिलं औषध निवडायला सोपं जाईल.